जागा सोडायची नाही

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला महिना लागला, माफ कर. खरं सांगायचं तर राग उतरत नव्हता. फोनवर भांडलो असतो, पण माझ्या या कानांनी निम्मं भांडण वाया गेलं असतं.

मुलीकडे कायमची राहायला जाण्याआधी आपल्या जुन्या शहराच्या तटावरून सगळे मिळून चालू, असं तूच म्हणालीस. लहानपणीसारखं. एका वेशीपासून तू निघायचं, दुसऱ्या वेशीपासून मी, आणि अर्ध्यावर भेटायचं. आधी पोहोचेल त्याने जागा सोडायची नाही. मुलगा, सून, नातवंडं घेऊन मी निघालो. गुडघे बोंबलत होते. सून दर बुरुजाला म्हणायची, बाबा, जरा टेका. पुढे बघतो तर तटच संपलेला! खाली हमरस्ता, गाड्याच गाड्या. तिथेच बसलो. ऊन डोक्यावर आलं, डबे संपले, पोरं रडकुंडीला आली. तुझा पत्ता नाही. सगळ्यांचे फोन घरी ठेवायला मीच लावले होते, म्हणून बोलणीही मीच खाल्ली. यायचं नव्हतं तर सांगायचंस. पोरांसमोर तोंडघशी पाडलंस.

लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा कुरकुऱ्या


दि. ८ मार्च

चि. कुरकुऱ्यास,
अ. उ. आ.

तोंडघशी तू पडलास? अरे, त्याच रस्त्याच्या अलीकडे मी ऊन उतरेपर्यंत बसले होते! मध्ये साबणाच्या जाहिरातीचा तो भला मोठा फलक. जावयांनी नंतर चौकशी केली. रस्ता रुंद करताना तटाचा तेवढा तुकडा पाडलाय म्हणे. लेक म्हणत होती, पलीकडे जाऊन बघू. मीच हलले नाही. हलले असते तर तू जन्मभर रडीचा डाव म्हणून चिडवलं असतंस.

तुझ्यासाठी विणलेला स्वेटर मांडीवर होता. घरी येऊन रागाच्या भरात निम्मा उसवला. आता पुन्हा विणतेय, एक बाही राहिली आहे.

वीस तारखेला निघते, एकटीच. तुझ्या स्टेशनवर गाडी बदलायची आहे, तासभर मोकळा आहे. येशील ना?

माया आहेच, तू कितीही कुरकुरलास तरी.

ताई


दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फलकावरच्या त्या हसऱ्या बाईला मी दिवसभर शिव्या घातल्या. तिच्या मागेच तू होतीस! सून ऐकून पोट धरून हसली. मला मेलं हसू येत नाही. अख्खा दिवस हातात होता, तो आपण रुसण्यात घालवला.

वीसला येतो. बाही राहिली तर राहू दे, एका बाहीचा घालीन. पण जिवाला घोर लागलाय. मुलगा सांगतो, स्टेशनला आता दोन दरवाजे झालेत, मध्ये उंच पूल. तू एकीकडे आणि मी दुसरीकडे बसून राहिलो तर? तू पूल चढू नकोस, मी चढेन. या वेळी जागा मी सोडतो. हरलो म्हण हवं तर.

रागासकट लोभ ठेव. आणि कोणत्या बाजूला उतरणार, तेवढं मात्र उलट टपाली कळव, ताई.

तुझा कुरकुऱ्या