मामांच्या गाडीला खोबरेल

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (तुम्हाला सध्या वाकायची मनाई आहे, म्हणून तुमच्या वाटचंही मीच वाकून घेतलं.) नवा खुबा काय म्हणतो? मामी फोनवर सांगत होती की तुमच्या धाकट्या लेकीच्या घरी तुमचं सगळं छान चाललंय, फक्त जिन्याची पहिली पायरी दिसली की तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना "माझं आता संपलं" असं ऐकवता. देवाच्या दयेने आवाज मात्र खणखणीत आहे. "माझी रिमोटची गाडी त्या दातांच्या डॉक्टरला विकून टाक" असं तुम्ही मला फोनवर सांगितलंत, ते माझ्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं.

विकायची वस्तू स्वच्छ असावी म्हणून तुमच्या घराची किल्ली घेऊन मागच्या खोलीत बसलो. तुम्ही बजावलं होतंत: आधी बॅटरी काढ, नळाखाली धरू नकोस, चिखल वाळू दे, मग ब्रशने झाड. तंतोतंत तसंच केलं. वरचं रंगीत कवच उतरवलं तर आत शर्यतीचं अर्धं मैदानच निघालं: माती, गवत, दातेरी चाकांत अडकलेला खडा आणि एक मुंगी, जी माझ्याकडे जुन्या भाडेकरूच्या तोऱ्यात बघत होती. (तिला अलगद खिडकीत सोडली.) खरं सांगतो मामा, ती बारीक चाकं एकेक करून पुसताना फार शांत वाटलं. प्रार्थनेला बसल्यावरही माझं मन इतकं जागेवर राहत नाही, हे देवाला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मग घोळ झाला. खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या त्या चार नळ्यांतलं तेल गळून गेलं होतं आणि तुमची तेलाची बाटली रिकामी. गावच्या शाळेत आम्हाला तेलातेलांत एवढा भेदभाव शिकवला नव्हता. मामीच्या कपाटातलं केसांचं खोबरेल चारही नळ्यांत भरलं, उरलेलं स्वतःच्या डोक्याला चोपडलं आणि समाधानाने घरी गेलो.

रविवारी सकाळी डॉक्टरांना गाडी पळवून दाखवायला शर्यतीच्या मैदानावर गेलो, तर कडाक्याची थंडी. थंडीत खोबरेल गोठतं हे मला ठाऊक आहे (रोज बाटली उन्हात ठेवतो), पण गाडीच्या अंगातलंही गोठेल हे काही सुचलं नाही. गाडी सुटली ती फळीसारखी ताठ. प्रत्येक उंचवट्यावर करडासारखी उडी, आणि वळणावर चारही पाय आभाळाकडे. डॉक्टर म्हणाले, "मामांचं दुखणं गाडीला लागलं वाटतं! असली आखडलेली गाडी मी फुकटसुद्धा नेणार नाही." झेंडा दाखवणाऱ्या शिंपीणबाईंनी गाडी उचलली, हुंगली आणि विचारलं, "भाऊ, हिची वेणी घालायची आहे का?" सगळं मैदान हसून लोळलं. मी गाडी मांडीवर घेऊन उन्हात बसलो आणि देवाला म्हटलं, नाही विकली तर मामा चिडतील, विकली तर ते खरंच संपल्यासारखं वागतील. आता तूच बघ.

ऊन चढलं. सहज एक चाक दाबून पाहिलं तर मऊ! दुपारच्या फेरीत गाडी खड्ड्यात बसायची, उठायची आणि पुढे पळायची. डॉक्टरांच्या गाडीलाही मागे टाकलं. (त्यांची उलटली होती, पण मागे म्हणजे मागेच.) फेरी संपताच डॉक्टर खिसा चाचपत माझ्याकडे आले. मामा, सकाळी सगळ्यांनी जिची आशा सोडली होती, तिला फक्त थोडं ऊन आणि थोडं हलणं हवं होतं. मी हे गाडीबद्दल लिहितोय. (आणखी कुणाला लागू पडत असेल तर माझा नाइलाज आहे.)

मामीला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. मुंगी परत गाडीपाशी आली आहे.

तुमचा भाचा

ता. क. गाडी विकलेली नाही. डॉक्टरांना सांगितलं, मालकांनाच विचारा, पुढच्या शर्यतीत ते स्वतः उतरणार आहेत. तुमचं नाव नोंदवून आलोय. रिमोट घेऊन उभं राहायच्या मचाणाला चार पायऱ्या आहेत आणि कठडा उजवीकडे आहे, तेव्हा धाकटीच्या जिन्यावर सराव उजव्या हाताने करावा. नळ्यांत कोणतं तेल घालायचं तेही कळवा.

आणखी एक. चिखल झाडला तो ब्रश तुमचा दाढीचा होता. रागवायचं तर समोरासमोर रागवा. मी मचाणावर उभा असेन, वर या.