एकगठ्ठा बदल

३ मार्च, करागंदा
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. शहरातली घरं गरम ठेवणारी ही कंपनी. मला चौथ्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळाली, ऊबदार. काम सोपं आहे. प्रत्येक संगणक, प्रिंटर, फोन कुठे आहे, सुरू आहे की बंद, याची नोंद ठेवायची. आमचे साहेब, सागदात आगाय, एकेक नोंद उघडू देत नाहीत. ढीगभर निवडायच्या आणि एकदम बदलायच्या. खालच्या मजल्यावरच्या उमित अपायने, म्हणजे उमितताईने, दुधाचा चहा आणि तळलेले बाउरसाक पुढे केले. म्हणाली, "अल्माटीच्या पोरी वाऱ्यावर जगतात वाटतं. खा."

७ मार्च
त्याच तक्त्यात माणसंही आहेत. वेगळा तक्ता कोण करणार, म्हणून आगायनी कधीकाळी सगळ्यांना यंत्रांतच बसवलंय. नाव, खोली, 'सुरू'. मी विचारलं तर हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

एकगठ्ठा बदलाला दुसऱ्या कुणाची तरी संमती लागते. इथे ती न वाचताच देतात. वाचली तर पाठवणाऱ्याचा अपमान होतो म्हणे.

१२ मार्च
रजा देण्यावरून उमित अपाय आणि आगाय यांचं चांगलंच वाजलं. दुपारी आगायनी बदल पाठवला : अपायच्या खोलीतले जुने प्रिंटर बंद. मी न वाचताच संमती दिली.

१३ मार्च
अपाय आली नाही. तिच्या टेबलावर धूळ आहे, कालची नव्हे, खूप जुनी. आगाय म्हणाले, कोण उमित? जेवणघरातल्या बाईनेही तेच विचारलं.

कालचा बदल उघडला. निवडीत प्रिंटर नाहीतच. नुसती खोली. खोलीतलं सगळं 'बंद', अपायची नोंदही.

आगाय असली चूक करत नाहीत.

१७ मार्च
अपायची नोंद पुन्हा 'सुरू' करायला टाकली. आगाय संमती देत नाहीत. नौरूझच्या सणानंतर बघू, म्हणतात.

आज त्यांनी मला नवा बदल पाठवला. माझ्या खोलीतले जुने फोन बंद. मी त्यांच्यादेखत वाचला. फोन नव्हतेच, नुसती माझी खोली. नकार दिला. आगाय शांतपणे म्हणाले, "तुझ्या आधीचीही वाचायची."

१९ मार्च
नवी मुलगी आलीय. आगायनी तिला अपायच्या खोलीत बसवलं. मी बजावलं, काही आलं तर आधी वाच. ती लाजली. मलाही अपायच म्हणते. मोठ्या माणसाचं काम तपासायचं कसं, म्हणाली.

२० मार्च
तिला फोन लावलाय. तिच्याकडे बदल आलाय, आगाय शेजारीच उभे, म्हणते —

म्हटलं, मोठ्याने वाच. वाचतेय. माझी खोली. पुढे? — पुढे काही नाही, म्हणते —

"अपाय, आता थांबले तर बरं दिसणार नाही. संमती देते मी."

मी तिला माझं नाव सांगतेय. पुन्हा सांगतेय. पलीकडून ती विचारतेय, कोण बोल