उटण्याने पुसलेल्या रेषा

मुंबई,
भाऊबीज, २० ऑक्टोबर २००९

ती. दुर्गाअक्कास,
रखमाजीचा साष्टांग नमस्कार. दाजींचा खोकला थांबला असेल. मी आणि तुझी भावजय उषा खुशाल आहोत.

आज मी वाटूरला आलो नाही, म्हणजे तू चंद्रालाच ओवाळले असशील. निघताना मूतखड्याच्या इलाजाला मुंबईला जातो, असे तुला सांगितले. खडा नव्हता. गाठ होती, कॅन्सरची. घाबरू नको, पुढे वाच.

चिरफाड झाली नाही. मशीन अंगाभोवती फिरते आणि चहूबाजूंचे किरण नेमके गाठीवर एकवटतात. आपण हलायचे नाही, सांगतील तेव्हा श्वास धरायचा. मी तेवढ्यात मनात नाम घेतो. नेम चुकू नये म्हणून अंगावर शाईच्या रेषा आखतात. त्या पुसायच्या नाहीत.

नरकचतुर्दशीला उषाने उटणे लावून मला असे घासले, की रेषा पार गेल्या! मशीनवाले म्हणाले, "काका, रेषा कुठंयत?"

उषाच म्हणाली, "दिवाळीला बिनउटण्याचं न्हाऊ घालू का मंग?"

"मावशी, तेवढी कंबर तरी सोडायची!"

सगळे हसले. उषा मात्र बाहेर जाऊन रडली. त्या भल्या माणसांनी सणाचे घर सोडून पुन्हा फोटो काढले, रेषा आखल्या. आज किरणांचा तिसरा, शेवटचा डोस झाला.

उषा का रडली, ते लिहायला हात धजत नव्हता. दुसऱ्या कुणाची किडनी असती तर काढून टाकली असती. माझी काढता येत नाही. एकच आहे. दुसरी तेरा वर्षांपासून तुझ्याकडे आहे.

दिल्यामुळे हे झाले का, असे मी डॉक्टरांना विचारले. "बिलकुल नाही," म्हणाले. तुझ्यासाठीच विचारले, अक्का. गुण तीन महिन्यांनी कळेल. पण किडनी जागेवर आहे, काम करते. देवाचे उपकार.

किडनी दिल्यापासून तू माझी ओवाळणी घेत नाहीस. "तुझी ओवाळणी पोटात घेऊन हिंडून राह्यले," म्हणतेस. यंदा मीच तुला मागतो. रडून जेवण सोडू नको, गोळ्या बराबर घे. तुला हिंडताना पाहिले, की दिलेले चांगल्या घरी पडले असे वाटते.

पुढच्या बीजेला चंद्राची वाट पाहू नको. पाट मांडून ठेव.

तुझ्या पाटावर बसायला येणारा,
रखमाजी