दोन माणसांची गाडी

आप्पा, तुमची गाडी अजून मच्छे गावातल्या घरामागच्या शेडातच आहे. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षं तिच्यावरची ताडपत्री कुणी काढली नाही. बँकेतून रिटायर झाल्यावर मी काढली, आणि तेव्हापासून तिनं मला जेवढं छळलंय तेवढं बँकेतल्या एकाही साहेबानं छळलं नसेल. तुमच्या सुनेचं म्हणणं, भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा. ती बेळगावच्या शहापुरातल्या विणकराच्या घरातली. म्हणते, आमच्यात माग मोडला की त्याची लाकडं चुलीत जातात, त्याच्यापाशी बसून कुणी दिवस काढत नाही. मी ऐकून घेतो आणि परत शेडात जातो.

काय काय सांगू तुम्हाला. तिचे नट इंचाच्या मापाचे आणि बाजारात मिळतात ते पाने मिलिमीटरचे. एक ढिला होतो, त्याच्या खालच्या मापाचा बसतच नाही. ढिल्यानं जोर लावला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, मग छिन्नी घ्यायची. छिन्नीनं नट सुटतो, पण शेजारचा स्टड, म्हणजे आट्यांची सळई, आतच तुटून राहतो. असा एक तुटलेला स्टड काढायला इंजिनाचं हेड घेऊन मी इंडस्ट्रियल एरियातल्या लेथवाल्याकडं गेलो. त्यानं ते हातात फिरवून बघितलं आणि "आगंगिल्ल, सर," म्हणून परत माझ्या हातात दिलं. कानडीत, होणार नाही. पुढच्यानंही तेच सांगितलं. शेवटी एकानं काढून दिला, पण नवे आटे वाकडे पाडले. खालच्या पत्र्याला गंज एवढा, की ड्रायव्हरच्या सीटखालून जमीन दिसते. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. पेट्रोलच्या नळ्या नव्या घातल्या, तर महिन्याभरात त्या मऊ पडून गळायला लागल्या. आताच्या पेट्रोलात उसापासून केलेलं इथेनॉल घालतात, ते जुन्या जातीचं रबर खातं, हे नळ्या बदलल्यावर कळलं. एक दुरुस्त करावं तर दुसरं मोडतं. कधी कधी दुपारभर बसून संध्याकाळी बघावं, तर सकाळपेक्षा गाडी जास्तच बिघडलेली असते. अशा वेळी मी पाना आपटतो. तुम्ही कधी पाना आपटला नाहीत.

ही गाडी आपण निपाणीहून आणली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही तिथल्या तंबाखूच्या मालकांचे ड्रायव्हर, मेकॅनिक, सगळंच. मालकांनी हौसेनं घेतलेली ती विलायती, उघड्या टपाची, बुटकी गाडी त्यांच्या मुलांना नको होती. वखारी भावाभावांत वाटल्या गेल्या, आणि गाडी बंद पडून एका वखारीच्या कोपऱ्यात उभी होती. मालक म्हणाले, "तू न्हे हिला. तुझ्याबिगर तिला कोण हात लावणार?" तुम्ही नोकरी सोडून गावी परत यायचं ठरवलं होतंच. ट्रकात आपलं सामान, ट्रकच्या मागं दोरखंडानं बांधलेली गाडी, स्टेअरिंगवर तुम्ही आणि शेजारी मी. सीटांना तंबाखूचा वास इतका मुरलाय की मी शिंकतोय. संकेश्वरच्या अलीकडं उसाच्या गाड्यांमागं आपण मुंगीच्या चालीनं सरकतोय, आणि ऊस वाहणारी माणसं ओढत नेलेली लाल मोटार बघून हसतायत. मी विचारतो, "आप्पा, हिच्यात दोनच सीटा का?" तुम्ही म्हणता, "दोन मान्सांचीच गाडी हाय ही. एक मी, एक तू." "आन आई?" "आई म्होरं ट्रकात हाय की. तिला काय कमी हाय?" त्या ट्रकात आई भांड्यांच्या पोत्यांमध्ये पाय आखडून बसली होती, हे मला नंतर कळलं.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी त्या शेडात काढले. तुम्ही लेथच्या कारखान्यात नोकरी धरली होती आणि सुट्टीच्या दिवशी गाडी. तिचे दोन कार्बोरेटर तुम्ही मला उघडून दाखवले होते. आत एक पिस्टन, त्याच्या बुडाला सुईसारखा दांडा, आणि तो दांडा खालच्या पितळी नळीत बरोबर मधोमध उतरला पाहिजे. केसभर तिरका झाला तरी घासतो, आणि मग इंजिन एका सुरात चालत नाही. नीट बसलाय का हे बघायचं तर पिस्टन बोटानं वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. टक् असा आवाज आला पाहिजे. तुम्ही उचलायचा, सोडायचा, कान देऊन ऐकायचा. नाही आला की खालची नळी सैल करून पुन्हा पहिल्यापासून. एकदा तुम्ही मला उचलायला दिलात. टक् झालं, आणि तुम्ही माझ्याकडं बघून नुसती मान हलवलीत. शाळेत कुठल्याही बक्षिसाचं मला तेवढं वाटलं नाही.

आणि मग मी नववीत असताना तो रविवार. तुम्ही दांडा बसवत होता आणि तो बसत नव्हता. बारीक स्क्रू तुमच्या हातातून पडला. मी उचलून दिला. परत पडला. मी परत उचलला आणि म्हणालो, "द्या आप्पा, मी लावतो." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी मागं सरलो. "भाईर हो," म्हणालात. "परत ह्या शेडात पाय टाकायचा न्हाय. हात लावायचा न्हाय गाडीला." आवाज चढवला नव्हतात. चढवला असता तर बरं झालं असतं. मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि आपण काय केलं याचा विचार करत राहिलो. मला वाटलं, मी काहीतरी मोडलं असणार. माझ्या हाताला कसब नाही, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं असणार. काही दिवसांनी तुम्ही गाडीवर ताडपत्री घातलीत आणि पुन्हा कधी ती काढली नाहीत. वर्गातली बाकीची पोरं आयटीआयला गेली, मी कॉमर्सला गेलो. कुणी विचारलं तर सांगायचो, मला हातातलं काम जमत नाही. आजवर तेच सांगत आलो.

तुम्ही एकदा माझ्या बँकेत आला होता, आठवतं? मी नवीन लागलो होतो. काउंटरवर माझ्याच शेजारी बसणारा क्लार्क होता. त्यानं कागद पुढं केला, तुम्ही पेन बाजूला सारलंत आणि अंगठा पुढं केलात. मी म्हणालो, "आप्पा, सही येती की तुमाला." तुमची सही तर किती देखणी होती. तुम्ही म्हणालात, "आता डोळ्यास्नी दिसत न्हाय नीट." आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबलात. दुसरा हात कोटाच्या खिशात होता. घरी आल्यावर मी आईला म्हणालो, आप्पांना चष्मा करायला पाहिजे. आई पाठ करून भाकऱ्या थापत राहिली.

आता माझं सांगतो. मागच्या पावसाळ्यात माझा चेक परत आला. सही जुळत नाही म्हणून. ज्यानं नोकरीभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या त्याची. त्याच्या आधीपासून मला कळत होतं, फक्त मी ते गाडीवर ढकलत होतो. सुई नळीत जात नाही, कारण नळी झिजली आहे. स्क्रू बसत नाही, कारण आटे गेलेत. नवीन नळी मागवली, नवीन सुई मागवली, तरी टक् होईना. एके सकाळी सुई नळीच्या तोंडाशी धरली आणि बघत राहिलो. सुई नळीच्या तोंडावर नाचत होती. हात मांडीवर ठेवला की शांत, आणि काही करायला उचलला की सुरू.

बेळगावच्या डॉक्टरांनी मला कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. ती भूकंपाच्या आलेखासारखी आली. ते म्हणाले, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थरथर थोडी कमी होईल, पण वयाबरोबर वाढत जाईल. मग अर्धं कानडीत, अर्धं मराठीत विचारलं, "मनीयागं, घरात कुणाला होतं का? वडिलांना?" मी पटकन नाही म्हणालो. खाली रस्त्यावर आलो आणि मला तो खिशातला हात दिसला. मग एकामागून एक सगळंच दिसायला लागलं. तुम्ही सगळ्यांचं जेवण झाल्यावर एकटे जेवायचा. बशीतून चहा प्यायचं सोडून लोट्यात घ्यायला लागलात, तोही दोन्ही हातांनी. माझ्या लग्नात अक्षता टाकायला तुम्ही पुढं आला नाहीत, मांडवाच्या खांबाला टेकून उभे होता. मला तेव्हा वाटलं होतं, सून तुम्हाला पसंत नाही. रिक्षा मिळत असताना मी स्टँडपर्यंत चालत गेलो. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

दिवाळीला तुमची नात बेंगळूरहून आली. तुम्ही तिला बघितलं नाही, तुमच्यामागं झाली. कॉम्प्युटरचं काम करते, पण तिला असल्या गोष्टींचं लई वेड. गाडीच्या नळ्या आणि रबरं परदेशातून मागवून देते ती हीच. पाडव्याच्या दिवशी दुपारी ती शेडात आली. मी कार्बोरेटर घेऊन बसलो होतो आणि दांडा बसत नव्हता. ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, द्या ना, मी ट्राय करते." आणि आप्पा, माझ्या तोंडून तुमचेच शब्द आले. बाहेर हो. हात लावू नको. तिचा चेहरा उतरला. ती गेली आणि मी तिच्या पाठीकडं बघत बसलो. ती पाठ मला माहीत होती.

आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. आता तिला नीट चालवत नाही, तरी भिंत धरत धरत शेडाच्या दारापर्यंत आली. म्हणाली, "तुझा बी सुरू झालाय व्हय हात?" मी विचारलं, "बी म्हंजे?" ती उंबऱ्यावर बसली. "तुझ्या आज्ज्याचा तसाच व्हता. घास तोंडापतूर जाईना. ह्येंनी ल्हानपणापास्नं त्यास्नी भरवलंय. मग ह्येंचा सुरू झाला." मी म्हणालो, "मग मला का न्हाय सांगितलं कुणी?" आई म्हणाली, "शपथ घातली हुती मला. म्हणायचे, मी बापाचा हात बघत मोठा झालो. रोज उठून पयलं आपला हात बघायचो, आज सुरू झाला का म्हणून. पोराच्या नशिबाला त्ये नको. त्येनं बघायलाच नको." मग उठता उठता ती म्हणाली, "तुला हाकललं त्या दिशी त्ये जेवले न्हाईत."

मी तुमच्यावर चिडलो, आप्पा. खरंच चिडलो. भीती मला झेपली असती. माझ्या हातांना कसब नाही, हे मानून जगणं जास्त जड होतं. एवढ्या वर्षांत एकदा खिशातून हात काढून दाखवायला काय हरकत होती? त्याच चिडीत मी उठलो आणि परसात बसलेल्या पोरीला परत बोलावून आणलं. कार्बोरेटर तिच्यापुढं ठेवला. सुई कशी धरायची, नळी किती सैल करायची, कान कुठं द्यायचा ते सांगितलं. तिला बराच वेळ लागला. मग तिनं पिस्टन उचलून सोडला आणि तो स्वच्छ आवाज आला. ती हसली. आणि मी तेव्हाच सांगून टाकलं. माझा हात पुढं करून दाखवला, तुमचं सांगितलं, तिच्या पणजोबांचं सांगितलं. माझ्यासारखं तिला काही चुकीचं समजून बसायला लागू नये म्हणून सांगतोय, असं म्हणालो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कुठल्या, ते विचारलं. मग हातातला पाना तिनं खाली ठेवला, स्वतःचा उजवा हात समोर धरला, बोटं पसरली, आणि त्याच्याकडं बघत राहिली. फार वेळ नाही. पण मी ते बघितलं आणि तिनंही बघितलं, की मी बघतोय. तिनं हात मागं घेतला आणि ओढणीला पुसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन सुरू केलं. थोडा वेळ चाललं, शेजारची माणसं बघायला आली, आणि मग त्या वाकड्या आट्यांच्या स्टडपाशी हेडमधून पाणी गळायला लागलं. बंद केलं. पोर बेंगळूरला गेली. फोन रोज करते, गाडीचं विचारते, माझ्या गोळ्यांचं विचारते. स्वतःविषयी काही बोलत नाही आणि मीही विचारत नाही. मी हेड पुन्हा उतरवलेलं नाही. शेडात जातो, बसतो, येतो.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचण्याची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही एवढं जपलेलं मी एका दुपारी मोकळं केलं, हे तुम्हाला का कळावं? घरात मी सगळ्यांना सांगितलंय, की पोरीच्या भल्यासाठी सांगितलं. तुमच्या सुनेला ते पटलंय. खरं तेवढं नाही, आप्पा. मला ते एकट्याला धरवत नव्हतं.