मिराज हलकं होईना

रविवार, २ जून

आज पुन्हा हरलो! ओळीने तीनदा. हात म्हातारे झाले की काय कोण जाणे.

दर रविवारचं ठरलेलं — माझा पोरगा ऱ्हीस तिकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला न्यूमनला, खाणीच्या वसाहतीत. मी इकडे टास्मानियात, बर्नीला. दोघांनी कॉम्प्युटरवरच्या खेळात मिराज हे लढाऊ विमान घ्यायचं, टाकी पूर्ण भरून, आणि एकमेकांच्या मागे लागायचं. भरलेलं मिराज वळायला जड. जोरात वळवलं की वेग पार गळतो. म्हणून माझा डाव साधा: आधी नुसतं पळायचं, इंधन जाळायचं, विमान हलकं झालं की गर्रकन वळून पोराच्या शेपटीवर!

आज ते हलकं झालंच नाही. शेवटपर्यंत गाभण गाईसारखं. पोरगा हसतोय — "काय बाबा, जेवण जास्त झालं का?"

गुरुवार, ६ जून

जॉयस्टिक बदलली. एकट्यानेच उडून पाहिलं — झकास वळलं! मग रविवारी काय झालं होतं? डोकं चालेना.

रविवार, ९ जून

परत तेच. आणि आज लक्षात आलं — इंधनाचा काटा जागचा हलत नाही! ऱ्हीसला म्हटलं, तर "नवं व्हर्जन आलंय ना, बिघडलं असेल काहीतरी." पटलं नाही. दोन तास उडत होतो. मान आखडली.

मंगळवार, ११ जून

कॉम्प्युटरवर विमानं उडवणाऱ्यांच्या आमच्या क्लबात ग्लेनिसला विचारलं. ती माझ्या कितीतरी आधीपासून हे करते. म्हणाली, "काटा ठीक आहे रे येड्या. खेळ जो सुरू करतो त्याने 'न संपणारं इंधन' लावलंय. टाकी भरलेली ती भरलेलीच, मग हलकं कुठून होणार?"

खेळ ऱ्हीस सुरू करतो!

म्हणजे माझा एकुलता एक डाव मोडायला? पोटच्या पोराने? फार लागलं. आम्ही दोघं मिळून करतो असं हे एकच उरलंय, त्यातही लबाडी! की मला कंटाळलाय, आणि मीच सोडून द्यावं म्हणून —? काही कळत नाही. रविवारी विचारतो. नाहीतर बंदच हे सगळं.

रविवार, १६ जून

विचारलं. ऱ्हीस म्हणाला,

"इंधन संपलं की तू उतरतोस, बाबा. 'चल, चहा टाकतो' म्हणतोस आणि बंद करतोस. मग पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी कुणीच बोलत नाही."