राखेचे ठोकळे

३ मार्च
साहेबांना साक्षात्कार झाला — राख ती राख! कचरा जाळायच्या भट्टीच्या तळाची जाड राख आणि धुराच्या गाळणीतली बारीक राख वेगळी ठेवायची आता गरज नाही. आजवर आम्ही मूर्ख. जाड राखेचे फरसबंदीचे ठोकळे करत होतो. बारकीत शिसं, ती सिमेंटात कालवून, घट्ट करून, अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरत होतो. पण खड्डा भरत आलाय. म्हणून दोन्ही एकत्र करून ठोकळे पाडायचे. "शिसं सिमेंटात अडकतं ना मॅडम? मग झालं!"

९ मार्च
ठोकळे देखणे निघालेत. साहेबांनी एकावर बूट ठेवून फोटो काढून घेतला. वाघ मारल्यासारखा.

२ एप्रिल
ठोकळे मुरून पक्के झालेत. एक फोडला, चुरा आंबट पाण्यात घुसळत ठेवला होता. आज पाणी तपासलं. शिसं मर्यादेच्या पाचपट.

"फोडता कशाला?" साहेब म्हणाले. "शाळेत पोरं काय हातोडे घेऊन येतात?"

कुठल्या शाळेत?

"तुमच्याच लेकीच्या! तुमच्या मिस्टरांनी मागितलेत, पटांगणासाठी. म्हटलं, घरचं माणूस. फुकट!"

घरी नवरा फुगून बसलेला. पालक समितीत आहे ना! "तुझं नाव काढलं आणि तुझा साहेब विरघळला." शिसंही इतक्या चटकन विरघळत नाही.

त्याला खरं सांगावं? याच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या सगळ्या पालकांच्या मोबाइलवर, परवा माझी नोकरी गेलेली.

४ एप्रिल
साहेबांनी अहवाल वाचला नाही, नुसता हातात तोलला. "अख्खा ठोकळा पाण्यात ठेवून बघा." बघितलं. पास! न फोडता अंडंही कुजकं निघत नाही. मी सांगितलं — शाळेत हातोडे नसतात, पण शेकडो पाय असतात; झिजून भुगा होणारच. दाखल्यावर सही करणार नाही.

"मी करतो," म्हणाले. "तसंही तुमचं अक्षर वाईट आहे."

७ एप्रिल
सुचलं! मुख्याध्यापिकांना फोन केला. म्हटलं, ठोकळ्यांचा रंग जातो. मुलांचे पांढरे मोजे करडे होतील, कायमचे.

पलीकडून, "अगंबाई! मोजे!"

शिसं म्हटलं असतं तर पुरावा मागितला असता. मोज्यांना पुरावा लागत नाही.

८ एप्रिल
शाळेचा नकार आला. साहेब दिवसभर पुटपुटत होते — "मोजे?"

नवरा रुसलाय. ताटावर एवढंच बोलला — "रंगाचं काय एवढं मोठंसं!" मी मान खाली घालून जेवले. हसू दाबताना ठसका लागला.

१० एप्रिल
बक्षीस की शिक्षा कोण जाणे — मला परगावी प्रशिक्षणाला धाडलंय. विषय: राखेचा सुरक्षित पुनर्वापर. व्याख्यात्याने राख पाहिली असेल तर सिगारेटची. प्रश्न विचारला तर म्हणाला, "छान प्रश्न!" आणि पुढचं चित्र दाखवलं.

फोनवर नवऱ्याचा आवाज निवळलाय. राग गेला म्हणायचा.

१२ एप्रिल
संध्याकाळी परतले. फाटकापासून पायरीपर्यंत सगळं अंगण ठोकळ्यांचं. नवरा घाम पुसत उभा. "शाळेला नकोत म्हणून साहेबांनी गाडीच पाठवली. रंग गेला तर गेला — आपलंच अंगण!"

लेक अनवाणी, त्यावर खडूने घरं आखत होती. एक रेघ चुकली. बोट ओलं करून पुसली. पुन्हा तेच बोट तोंडात.