सत्काराला दोघी पाठवा

१२ एप्रिल, सोमवार
कॅज्युअल्टीत एका पाळीला चार सिस्टर हव्यात. आहोत तीन. मी इन्चार्ज, लता आणि टिटवाळ्याची रूपाली, कंत्राटी, नवीन. त्यात मॅट्रनबाईंचा फोन. उद्या पाडवा, माजी नगरसेवकांच्या ऑफिसात कोविड योद्ध्यांचा सत्कार. दोघी पाठवा, इन्चार्ज पाहिजेच.
म्हटलं, मग इथे कोण?
"अहो सिस्टर, तासाभराचं काम. नाही गेलं तर वाईट दिसतं."

१३ एप्रिल, पाडवा
कसलं तासाभराचं! साहेबच उशिरा उगवले. एवढ्या उकाड्यात अंगावर शाल, हातात नारळ, वर फोटोवाला म्हणतो, "ताई, मास्क खाली घ्या, चेहरा दिसू दे." शी! मी नाही घेतला.
परत आलो तर दारात रिक्षातच पेशंट, आत रूपाली एकटी. चेहरा पांढराफटक. चक्कर यायला लागली म्हणून मध्येच पीपीई किट काढून दुसरं चढवलं म्हणे. काढताना समोर कोण होतं? कुणीच नाही. काढताना समोर दुसरी उभी हवी, हात कुठे लागतोय ते सांगायला. पहिल्याच दिवशी शिकवलेलं तिला. पण दुसरी आणणार कुठून? आम्ही दोघी शाली पांघरून बसलेलो.

१८ एप्रिल, रविवार
रूपाली पॉझिटिव्ह. मॅट्रनबाई म्हणतात, "घरूनच आणला असेल." घरी फक्त आई, ती बिचारी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. बदली कुणी नाही. लता म्हणाली, "ते नारळ लावा ड्युटीला." हसलो दोघी. मग किळस आली सगळ्याचीच.

२२ एप्रिल, गुरुवार
वर बेड नाही म्हणून रूपाली आमच्याकडेच, ऑक्सिजनवर. किट काढायच्या खोलीच्या काचेसमोर.
दुपारी मॅट्रनबाई. महाराष्ट्र दिनाला दुसऱ्या पक्षाचा सत्कार. "दोघी पाठवा. रूपालीचंही नाव आलंय, तिची शाल तुम्ही घ्या."
इतका संताप आला! नाही म्हटलं. स्पष्ट.
"मग इन्चार्ज दुसरी बघावी लागेल."
बघा म्हटलं. उद्या काय होतंय...
पाळी संपली, किट काढायला गेले. लता पेशंटपाशी अडकलेली. तेवढ्यात काचेवर टकटक. रूपाली उठून बसलेली.
"काढा मॅडम, मी बघते."
झोप म्हटलं, ऐकेना. मी काढायला लागले.
"हात गळ्याला लागतोय, मॅडम."
तिचं सॅच्युरेशन अजून चढत नाहीये.